आपण कुठून निघालो?

फार पूर्वी गोदातीरावरच्या प्रतिष्ठान नगरीत यशोमित्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व करकोच्याच्या कुळात जन्मले होते. करड्या अंगाचा, काळ्या मानेचा, कानामागे पांढऱ्या पिसांचे तुरे मिरवणारा हा पक्षी आपल्याकडचा नव्हे. त्याचे घर हिमवंताच्या पलीकडे, गवताळ देशातल्या तळ्यांकाठी. थंडी पडू लागली की करकोचे दक्षिणेला येतात, गोदेच्या वाळूवर उतरतात, शेतकऱ्यांचा हरभरा मनसोक्त खातात, त्याबद्दल शिव्याही खातात, आणि ऊन तापू लागले की परत जातात.

एवढी लांबची वाट त्यांना सापडते कशी, याचे उत्तर त्या कुळात सगळ्यांना माहीत होते. करकोच्याच्या छातीत एक ओढ असते. अंड्यातून बाहेर येतानाच तो ती घेऊन येतो. ऋतू फिरला की ती जागी होते आणि आभाळ मोकळे असो की भरलेले, एकाच दिशेला खेचत राहते. दुसरी असते आठवण. कुठली नदी कुठे वळते, कुठल्या डोंगराला खांदा आहे, खिंड कुठे उघडते, हे म्हाताऱ्यांच्या मागून उडत शिकावे लागते. ओढ आयती मिळते आणि आठवणीसाठी पंख झिजवावे लागतात, त्यामुळे तरुणांना ओढीचेच कौतुक फार.

म्हणून वाडवडिलांनी एक रीत घालून दिली होती. निघायच्या दिवशी थवा तापल्या हवेवर गोल गोल चढत जाई. पुरेसा उंच गेला की सर्वांत पुढचा करकोचा विचारी, "आपण कुठून निघालो?" मग सगळ्यांनी खाली बघून उत्तर द्यायचे. वसंतात उत्तर असे, "गोदेच्या वाळूवरून!" ते मिळाले की थवा ओढीच्या दिशेला, म्हणजे उत्तर दिशा आणि मावळती यांच्या मधोमध, तोंड करी. नर्मदा ओलांडायची, वाळवंटाच्या कडेकडेने सिंधूच्या सपाटीवर जायचे, आणि हिमवंताचे शेपूट जिथे ठेंगणे होते तिथल्या खिंडीतून पलीकडे उतरायचे, अशी ती वाट होती.

बोधिसत्त्वांनी ती वाट इतक्या वेळा केली होती की तरुण करकोचे त्यांना आजोबाच म्हणत. त्यांची जोडीदारीण श्वेतकर्णी. करकोचे एकदा जोडी जमवतात ती जन्मभराची. श्वेतकर्णीचा स्वभाव तिखट आणि जीव मोठा. उत्तरेच्या तळ्यातल्या एका उंचवट्यावर ती दोघे दर वर्षी घरटे करीत. इतर नर कुठेही भटकून येत. बोधिसत्त्व मात्र कुठे निघाले तर तिला सांगून निघत.

त्या वर्षी यशोमित्र राजाची मुलगी मृणाला हिचे लग्न कलिंगच्या युवराजाशी ठरले. मृणाला लहानपणापासून नदीकाठी बसून करकोचे बघत आलेली. सासरी तिला करमावे म्हणून राजाने ठरवले की दागिने आणि गाई यांच्याबरोबर तिच्या आंदणात करकोचेही द्यायचे. पारध्यांना हुकूम सुटला. त्यांनी हरभऱ्याच्या एका शेतात जाळे अंथरले आणि वर मूठमूठ दाणे फेकले.

तरुणांचा एक कंपू त्यावर उतरला. त्यांचा म्होरक्या तुंगक नावाचा करकोचा होता. पंखांत भरपूर ताकद, आवाज खणखणीत, आणि आपल्याला सगळे कळते याबद्दल मनात तिळमात्र शंका नाही. बोधिसत्त्वांना वरून जाळ्याची दोरी दिसली. श्वेतकर्णी तेव्हा पाण्याकडे होती. तिला हाक मारून "आलोच" एवढेच सांगितले आणि ते पोरांना उठवायला खाली गेले. ते त्यांना पंखांनी ढकलत असतानाच दोरी ओढली गेली. श्वेतकर्णीने दुरून सगळे पाहिले. ती बराच वेळ त्या शेतावर ओरडत घिरट्या घालीत राहिली, पण जाळे काही तिच्या ओरडण्याने सुटणार नव्हते.

करकोच्यांना बांबूच्या एका मोठ्या पिंजऱ्यात घालून पिंजरा गाड्यावर चढवला गेला. पाखरे बुजू नयेत म्हणून वरून कापड टाकले. वरात कलिंगच्या वाटेला लागली. आत काळोख, गचके आणि दाण्यांवरून भांडणे. बोधिसत्त्व मात्र एका कोपऱ्यात उभे राहून कापडाच्या फाटक्या जागेकडे बघत असत. रोज सकाळी गाडे चालू लागले की ऊन पुढच्या भोकातून येई आणि संध्याकाळी मागच्या. म्हणजे आपल्याला उगवतीकडे नेत आहेत, हे त्यांनी ओळखले. पुढे पुढे वाऱ्याला खारट वास येऊ लागला. कलिंगला पोचल्यावर कापड निघाले आणि पहिल्याच सकाळी त्यांना सूर्य समुद्रातून वर येताना दिसला. तरुणपणी एका वादळाने त्यांना दुसऱ्या एका समुद्रावर नेऊन टाकले होते. तिथे सूर्य पाण्यात बुडत असे. हा समुद्र तो नव्हे. आपण देशाच्या पार दुसऱ्या टोकाला आलो आहोत, हे त्यांनी मनाशी पक्के केले. तरुणांना एवढेच कळले की इथे हरभरा मिळत नाही, भात मिळतो आणि तो काही खास नाही.

पिंजरा राजवाड्याच्या बागेत, गाड्यावरच, तळ्याशेजारी ठेवला होता. मृणाला रोज सकाळी स्वतः दाणे घेऊन येई. तिच्याबरोबर माहेरहून आलेली तिची दाई असे. ऋतू फिरेपर्यंत सगळे ठीक चालले. मग एका सकाळी ती आली तेव्हा दाणे तसेच पडलेले होते आणि करकोचे पिंजऱ्याच्या एकाच कोपऱ्यात दाटी करून उभे होते. त्यातले काही बांबूंवर छाती घाशीत होते. बांबूला रक्त लागले होते. म्हातारा करकोचा तेवढा मागे शांत उभा होता.

"त्या कोपऱ्यात दार आहे ना, म्हणून जमलीत," दाई म्हणाली. "सवय होईल. अगं, पाखरं ती. त्यांना काय माहेर नि काय सासर! तो म्हातारा बघ कसा रमलाय."

बोधिसत्त्व रमले नव्हते. ओढ त्यांनाही होती आणि तरुणांपेक्षा जुनी होती. पण छाती फोडून घेतली तर उद्या उडायचे कशाने, असा त्यांचा विचार होता.

मृणालाने बैल जोडायला लावून गाडा उलटा फिरवला. आता दार दुसऱ्या बाजूला आले. दुसऱ्या दिवशी आभाळ भरून आले होते, सूर्याचा पत्ता नव्हता, तरी करकोचे दाराकडे पाठ करून, कालच्याच दिशेला, बागेतल्या एका चाफ्याकडे तोंड करून उभे होते. तिने पुन्हा गाडा फिरवला. पिंजऱ्यावर कापड टाकायला लावले. थोड्या वेळाने कापड उचलून बघितले तर तोंडे पुन्हा चाफ्याकडेच.

मृणाला पिंजऱ्याजवळ खालीच बसली. "दाई, मी सौधावर बसते तेव्हा कुठे तोंड करून बसते गं?"

दाईने माहेरच्या, मावळतीच्या बाजूला बघितले. लेक कुठल्या दिशेला बघत बसते हे तिला ठाऊक होते.

"मला विचारून तरी पाठवलं," मृणाला म्हणाली. "यांना कुणी विचारलं होतं?" आणि तिने स्वतःच्या हाताने दार काढले.

करकोचे बाहेर पडले. पंख ताठरले होते, पण ऊन तापले तशी हवा वर चढू लागली आणि थवा तिच्यावर गोल फिरत वर गेला. अंगाला पुन्हा वारा लागल्याचा सगळ्यांना फार आनंद झाला. तुंगक सर्वांत पुढे होता. मान उंच करून त्याने रीतीप्रमाणे आरोळी दिली, "आपण कुठून निघालो?"

"गोदेच्या वाळूवरून!" सगळे एका सुरात ओरडले.

खाली कलिंगचा समुद्र चमकत होता. गोदेचे ते वळण नव्हते, वाळू नव्हती, हरभऱ्याची शेतेही नव्हती. पण वसंतातले उत्तर तेच असते, म्हणून त्यांनी तेच दिले. खाली कुणी बघितलेच नाही.

"थांबा," बोधिसत्त्व म्हणाले. "तुंगक, एकदा खाली बघ. हा आपला देश नव्हे. आपल्याला गाड्यातून उगवतीकडे आणलं आहे. इथून ओढीप्रमाणे गेलात तर खिंड लागणार नाही, हिमवंत लागेल. आधी मावळतीला जायला हवं."

"मावळतीला?" तुंगक हसला. "आजोबा, माझी छाती मला इकडे खेचते आहे. तुमची खेचत नाही का?"

"खेचते. अगदी तुझ्यासारखीच."

"मग झालं तर! सगळ्यांची छाती एकच सांगते आणि तुम्ही एकटे दुसरं सांगता. भात खाऊन सुस्तावलात तुम्ही."

"ओढ तोंड कुठे करायचं ते सांगते, बाळा. तू उभा कुठे आहेस ते तिला कळत नाही."

पण एवढे ऐकायला कुणाला सवड नव्हती. कितीतरी दिवस बांबूंवर छाती घासलेली ती पोरे. ती दिशा धरण्यापासून आता त्यांना कोण अडवणार? थवा वळला आणि निघाला.

बोधिसत्त्व क्षणभर एकटेच घिरट्या घालीत राहिले. त्यांना आपली वाट स्वच्छ माहीत होती. मावळतीला सरळ गेले असते तर ओळखीच्या नद्या लागल्या असत्या, आणि अंडी घालायचे दिवस संपायच्या आत ते उंचवट्यावर श्वेतकर्णीजवळ पोचले असते. ती वाट बघत असणार, किंवा आपण मेलो असे धरून रडत असणार. दोन्ही विचारांनी त्यांचा जीव कासावीस झाला. खाली बागेतले तळेही होते आणि काठावर भाताचे दाणे होते. एखाद्या थकलेल्या पक्ष्याला ते पुरले असते. आणि पुढे ती मूर्ख पोरे मोठ्या उत्साहात बर्फाच्या भिंतीकडे चालली होती.

ते पोरांच्या मागे गेले. थव्याच्या अगदी शेवटी, जिथे दमलेले पक्षी उडतात, तिथे त्यांनी जागा धरली. पुन्हा उपदेश केला नाही. वाऱ्यात कुणी मागे पडला की ते त्याच्या पुढे होत आणि वारा आपल्या अंगावर घेत. उतरायच्या वेळी कुठल्या पाण्यात चिखल खोल आहे तेवढे सांगत. तुंगक मजेत होता. आजोबा शेवटी मुकाट्याने आले, म्हणजे आपलेच खरे, असे त्याने धरले.

मग एके दिवशी समोर हिमवंत आला.

तो ठेंगणा असेल अशी तुंगकाची अपेक्षा होती. गेल्या वर्षी येताना आई-बापाच्या मागून त्याने जी खिंड पाहिली होती, तिथे दोन बाजूंना तपकिरी डोंगर होते आणि मधून वाट होती. इथे बर्फावर बर्फ होते आणि त्याच्याही वर बर्फच होते. ओढ म्हणत होती, सरळ. त्याने थवा घेऊन वर चढायला सुरुवात केली. वरून खाली येणाऱ्या वाऱ्याने सगळ्यांना पाचोळ्यासारखे खाली ढकलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा चढून बघितले. एका मादीचा पंख मुरगळला, दोघे श्वास कोंडून खाली आले. तिसऱ्यांदा चढायला कुणी उठले नाही.

ते डोंगराच्या पायथ्याशी एका नदीच्या गोट्यांवर बसून राहिले. खायला काही नव्हते. छातीत मात्र ओढ तशीच चालू होती, बर्फाकडे बोट दाखवीत. तुंगक सगळ्यांपासून दूर, पाण्याकडे तोंड करून उभा होता. बोधिसत्त्व चालत त्याच्याजवळ गेले.

"तुम्हाला हे ठाऊक होतं," तुंगक म्हणाला.

"हो."

"वाटही ठाऊक होती."

"होती."

"मग आमच्याबरोबर का आलात? एकटे गेला असता तर आतापर्यंत सिंधूवर असता."

"सिंधूवर बसून तुम्हाला इथून बाहेर कसं काढलं असतं मी?" बोधिसत्त्व म्हणाले.

तुंगकाला फार लाज वाटली. आजोबांनी चार शब्द सुनावले असते तर त्याला बरे वाटले असते. पण ते नुसते शेजारी उभे राहिले आणि पायाने गोटा उलटून खाली काही किडा आहे का ते बघू लागले. सापडला तो त्यांनी तुंगकाच्या पुढे सरकवला.

बऱ्याच वेळाने तुंगक थव्याकडे आला. मान उंच न करता, हलक्या आवाजात त्याने विचारले, "आपण कुठून निघालो?"

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितले.

"मलाही माहीत नाही," तुंगक म्हणाला. "मी खाली बघितलंच नव्हतं. आजोबा, तुम्ही सांगा."

तेव्हा बोधिसत्त्वांनी त्यांना सगळे सांगितले. गाड्यातले पुढचे ऊन आणि मागचे ऊन, खारट वारा, समुद्रातून उगवलेला सूर्य. "समोरचा डोंगर तोच हिमवंत आहे," ते म्हणाले. "आपण त्याच्या उंच पाठीपाशी आलो आहोत, ठेंगणं शेपूट तिकडे, मावळतीला आहे. डोंगर उजव्या पंखाकडे ठेवायचा आणि तो ठेंगणा होईपर्यंत जात राहायचं. ओढ त्रास देईल. देऊ द्या. ती खोटी नाही, फक्त तिला थोडं थांबायला सांगायचं आहे."

आणि ते पुढे झाले. ते दिवस कठीण गेले. ओढ सारखी उजव्या पंखाला खेची आणि थवा नकळत बर्फाकडे झुके. मग मागून तुंगकच ओरडे, "डोंगर उजवीकडे!" पायथ्याच्या शेतांत कापलेल्या गव्हाचे सांडलेले दाणे मिळत. मुरगळलेल्या पंखाच्या मादीसाठी ते मध्ये मध्ये थांबत. अशाने उशीर होत गेला. बोधिसत्त्वांना प्रत्येक मुक्कामावर उंचवट्याची आठवण येई, पण त्यांनी थव्याला कधी घाई केली नाही.

हळूहळू बर्फ वर सरकले. डोंगर तपकिरी झाले, मग बसके झाले. एका दुपारी खाली एक रुंद, मातकट नदी दिसली आणि तिच्या दोन धारांमध्ये एक लांबट बेट.

"हे बेट!" तुंगक ओरडला. "इथे आम्ही उतरलो होतो! बाबांनी मला इथे मासा पकडायला शिकवलं!"

त्याच क्षणी सगळ्यांना छातीत हलके वाटले. ओढ आणि आठवण आता एकाच बाजूला बोट दाखवीत होत्या. बोधिसत्त्व आनंदाने ओरडले, मग वेग कमी करून मागे आले आणि पुन्हा शेवटच्या जागेवर उडू लागले. तुंगक खिंडीतून थव्याला घेऊन पलीकडे उतरला.

तळ्याकाठी इतरांची पिल्ले गवतातून धावू लागली होती. उंचवट्यावर श्वेतकर्णी एकटीच उभी होती. बोधिसत्त्व उतरले तेव्हा ती आधी जागची हललीच नाही.

"उशीर केलात," ती म्हणाली.

"वाट लांबची झाली."

"तुम्ही वाट चुकलात? तुम्ही?"

बोधिसत्त्व काही बोलायच्या आत तुंगक पुढे आला. "आजी, वाट आम्ही चुकलो. आजोबांना ठाऊक होती. ते नुसते आमच्याबरोबर आले."

"म्हणजे ठाऊक असून गेलात?" श्वेतकर्णी संतापली. ती वळली आणि गवतातून दूर चालत गेली. इतके दिवस दाबून ठेवलेले रडू तिला कुणाला दिसू द्यायचे नव्हते. थोड्या वेळाने परत आली.

"यंदा घरटं नाही व्हायचं," ती म्हणाली. "अंडी घालायचे दिवस गेले."

"हो," बोधिसत्त्व म्हणाले. त्यांनाही त्याचे वाईट वाटत होते आणि त्यांनी ते लपवले नाही.

श्वेतकर्णीने मागे बघितले. पिसे विस्कटलेली, छातीवर बांबूचे वण असलेली, वाळून काटक्या झालेली ती सगळी पोरे माना खाली घालून उभी होती.

"नाही तरी एवढी पिल्लं घेऊन आलाच आहात," ती म्हणाली. "आता तोंड काय बघता? कुठे काय खायला मिळतं ते दाखवा त्यांना. हाडं दिसताहेत मेल्यांची."

त्या वर्षी थंडी पडली आणि थवा दक्षिणेला निघायला उंच चढला, तेव्हा पुढे तुंगक होता. त्याने आरोळी दिली, "आपण कुठून निघालो?"

"तळ्याकाठच्या गवतातून!" त्या वर्षीचे एक पिल्लू सगळ्यांच्या आधी ओरडले.

"उत्तर बरोबर आहे," तुंगक म्हणाला. "पण तू खाली न बघता दिलंस. एकदा बघ, मग पुन्हा सांग."

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, विहारात सांगितली त्याला एक निमित्त घडले होते. उत्तिय नावाचा तरुण भिक्षू आपल्या सोबत्यांना घेऊन चारिकेला, म्हणजे पायी फिरतीला, निघाला आणि अरण्यात आडवाटेला लागला. विहारातले वडीलधारे भिक्षू स्थविर पुष्यक यांनी त्याला आधीच सांगून पाहिले होते. त्याने ऐकले नाही, तेव्हा स्थविर त्यांच्या मागोमाग चालत गेले आणि वर्षावासाला सगळ्यांसह उशिरा पोचले. वाट ठाऊक असून आडवाटेने जाणे हा कसला शहाणपणा, अशी विहारात कुजबुज चालली. तरुण भिक्षू खाली मान घालून बसले होते.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, मुरगळलेल्या पंखाची ती मादी आणि थव्यातले इतर ते आजचे उत्तिय आणि त्याचे सोबती. राजकन्या मृणाला ती आज विहाराला तळे देणारी उपासिका सुजाया, आणि तिची दाई ती अजूनही तिची दाईच आहे. श्वेतकर्णी ती भिक्षुणी सोमिला. म्हातारा करकोचा मी होतो."

"आणि तुंगक?" उत्तियाने विचारले. ते नाव आपल्यालाच मिळणार, असे त्याने धरले होते.

"तुंगक ते हे स्थविर पुष्यक," शास्ते म्हणाले. "चुकलेल्याच्या मागून कुणीतरी चालत येणं म्हणजे काय असतं, ते त्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे."

स्थविर पुष्यक हसले आणि त्यांनी हात जोडले. वाट ओळखणे ही प्रज्ञा. वाट चुकलेल्याची सोबत न सोडणे ही मैत्री, आणि करकोच्याच्या त्या जन्मात बोधिसत्त्वांनी पूर्ण केली ती मैत्रीची पारमिता, त्या गुणाची पराकाष्ठा.